शेजारच्यांना चालली ती गोळी मला का नाही? डायबेटिसच्या औषधांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की शुगरच्या गोळ्यांबद्दल जे काही मनात असेल ते विचारा, आणि एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की सगळे या पानांत बसणं शक्यच नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत. इथे वाचून कोणी आपली गोळी बंद करू नका आणि नवीन चालूपण करू नका प्लीज. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं ते कळावं म्हणून हे सगळं लिहितेय.

प्रश्न (नाशिक, वय ४६): मला दोन वर्षांपासून टाइप टू डायबेटिस आहे. डॉक्टर मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी देतात. माझ्या जाऊबाईंना त्यांच्या डॉक्टरांनी नवीन आणि महागाची गोळी दिलीय. माझी गोळी जुनी म्हणजे कमी दर्जाची आहे का? सगळ्यात चांगली गोळी कोणती?

ताई, कमी दर्जाची अजिबात नाही. नुसती साखर खाली आणायची ताकद बघितली तर मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही आजही वरच्या रांगेत आहेत, यातली एक गोळी नीट घेतली तर एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची टेस्ट) साधारण १ ते १.५ टक्क्यांनी उतरतं. ज्या गोळ्यांना आपण नवीन म्हणतो त्यातल्या ग्लिप्टिन गटाच्या (सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन) ०.५ ते ०.८ पर्यंतच उतरवतात, आणि ग्लिफ्लोझिन गटाच्या (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) त्याच्या आसपास किंवा थोडं जास्त. म्हणजे महाग गोळी साखर जास्त उतरवते हा समज आधी डोक्यातून काढा.

मग फरक कशात आहे? तर साखर उतरवताना ती गोळी बाकी शरीराचं काय करते त्यात. मेटफॉर्मिन लिव्हरमधून रात्रभर जी साखर रक्तात सुटत असते ती कमी करतं, वजन वाढवत नाही, एकटं घेतलं तर शुगर लो करत नाही, आणि स्वस्त आहे. फ्रान्समध्ये १९५७ साली हे औषध डायबेटिससाठी पुढे आलं आणि एवढ्या वर्षांत त्याचे गुणदोष पुरते माहीत झालेत, डॉक्टर आजही बहुतेकांना पहिली गोळी तीच देतात ती उगाच नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतं, पटकन गुण देतं, पण तुम्ही जेवलात की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून शुगर लो व्हायची भीती असते आणि वजन एकदोन किलो वाढू शकतं. ग्लिप्टिन शांत असतात, जेवल्यावर साखर वाढते तेव्हाच मुख्यतः काम करतात, लो करत नाहीत, वजन जिथल्या तिथे. ग्लिफ्लोझिन जादा साखर लघवीतून बाहेर टाकतात, दोनतीन किलो वजन उतरतं, बीपी थोडं कमी होतं आणि हार्ट-किडनीला संरक्षण मिळतं. ते पुढच्या प्रश्नात सविस्तर सांगते.

अमेरिकेत ग्रेड नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचा निकाल २०२२ मध्ये आला. आधीच मेटफॉर्मिन घेणाऱ्या ५,०४७ लोकांना त्याच्या जोडीला चारपैकी एक औषध दिलं (ग्लिमेपिराइड, सिटाग्लिप्टिन, लिराग्लुटाइडचं इंजेक्शन किंवा ग्लार्जिन इन्सुलिन) आणि सरासरी पाच वर्षं बघितलं. शुगर ताब्यात ठेवण्यात इन्सुलिन आणि लिराग्लुटाइड थोडे पुढे, ग्लिमेपिराइड मधोमध आणि सिटाग्लिप्टिन शेवटी. पण मला त्यातली महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट, चारही गटांत दहापैकी सात-आठ जणांचं एचबीएवनसी या काळात पुन्हा ७ च्या वर गेलं. म्हणजे औषध कोणतंही असो, काही वर्षांनी दुसरं जोडावं लागणं हा या आजाराचा स्वभावच आहे, त्यात तुमचा दोष नाही आणि डॉक्टरांचापण नाही. शुगर धोकादायक लो होणं मात्र ग्लिमेपिराइडमध्ये २.२ टक्के आणि सिटाग्लिप्टिनमध्ये ०.७ टक्के लोकांना झालं.

तर ताई, तुमचं वय ४६, हार्ट-किडनी ठणठणीत असेल, रिपोर्ट ७ च्या आत असतील, वजन वाढत नसेल आणि कधी थरथर-घाम असं झालं नसेल तर आहे ते उत्तम चाललंय. यातलं एक जरी बिनसलं असेल तर डॉक्टरांना तेवढंच सांगा आणि बदलायचं का विचारा. जाऊबाईंना नवीन गोळी का दिली हे त्यांच्या फाइलमध्ये असणार, तुमच्या नाही.

प्रश्न (कराड, वय ५९, एसटीतून निवृत्त): मला मागच्या वर्षी हार्ट अटॅक येऊन एक स्टेंट टाकलाय. शुगर दहा वर्षांपासून, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे आणि एचबीएवनसी ७.१ आहे. आता हार्टचे डॉक्टर डापाग्लिफ्लोझिन जोडा म्हणतात. शुगर कंट्रोलमध्ये असताना अजून एक गोळी कशाला?

काका, ही गोळी ते शुगरसाठी देतच नाहीयेत, हार्टसाठी देताहेत. या एका मुद्द्यावर पेशंट आणि डॉक्टर यांच्यात सगळ्यात जास्त गैरसमज होतो म्हणून जरा थांबून सांगते.

२०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनवर एक अभ्यास आला, हार्टचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेले डायबेटिसचे सात हजारांवर पेशंट त्यात होते आणि साधारण तीन वर्षं बघितलं. हार्ट आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू नुसत्या नेहमीच्या औषधांवर असलेल्यांमध्ये १०० मागे ५.९ होते आणि ही गोळी जोडलेल्यांमध्ये ३.७. दोन्हीकडच्या साखरेतला फरक मात्र थोडासाच होता, म्हणजे फायदा नुसत्या साखरेतून आलेला नाही. नंतर २०१९ मध्ये डापाग्लिफ्लोझिन हार्ट फेल्युअरच्या (हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही अशा) पेशंटना दिलं आणि २०२० मध्ये किडनीच्या पेशंटना, तर दोन्हीकडे ज्यांना डायबेटिस नव्हताच त्यांनासुद्धा उपयोग झाला. म्हणून आता ज्याला अटॅक येऊन गेलाय, हार्ट फेल्युअर आहे किंवा किडनीतून प्रोटीन जातंय, त्याला एचबीएवनसी कितीही असो हा गट द्यावा असं जगभरचे डॉक्टर मानतात. तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे.

तुमच्या ग्लिमेपिराइडने हार्टला त्रास होतो का, तर नाही. कॅरोलिना नावाच्या अभ्यासात (२०१९) ग्लिमेपिराइड आणि लिनाग्लिप्टिन समोरासमोर ठेवले, सहा वर्षांत हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा त्यातून मृत्यू यांचं प्रमाण एकीकडे १२.० टक्के आणि दुसरीकडे ११.८, म्हणजे सारखंच. पण ते हार्टला वाचवतही नाही. तुमचा रिपोर्ट ७.१ आहे, त्यात नवीन गोळी जोडली की शुगर अजून उतरणार, तेव्हा ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा का हे हार्टच्या डॉक्टरांना आणि शुगरच्या डॉक्टरांना दोघांनाही विचारा, कारण दोन डॉक्टर असले की हे बघायचं कोणी हे नेमकं राहून जातं. लघवी जास्त होणारी पाण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी हर्नियाचं असलं तरी, ही गोळी साधारण तीन दिवस आधी थांबवावी लागते, ॲडमिट होताना नाही, आधीच विचारायचं.

प्रश्न (फलटण, वय ६३): दरवर्षी वारी करतो. ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ आणि मेटफॉर्मिन दोन वेळा आहे. मागच्या वेळी चालताना दुपारी चक्कर येऊन घामाघूम झालो. गोळ्या वारीपुरत्या बंद ठेवू का? आई ७६ वर्षांची आहे, तिलापण हीच गोळी आहे आणि ती सगळ्या एकादशा करते.

माऊली, ती चक्कर उन्हाची असेलही, पण चालताना घाम आणि चक्कर म्हणजे शुगर लो झाली असंच आधी धरायचं. रोज वीसेक किलोमीटर चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि वर ग्लिमेपिराइड इन्सुलिन सोडतच राहतं, जेवण तासाभराने पुढे गेलं की झालं. पण सगळ्या गोळ्या बंद करणं हा उपाय नाही, दोनअडीच आठवडे औषध नाही आणि प्रसादाला शिरा-बुंदी, शुगर तीनशेच्या पुढे जाईल आणि पायाला झालेली जखम भरणार नाही. निघायच्या आधी दोन आठवडे डॉक्टरांकडे जा आणि नीट सांगा की मी एवढे दिवस एवढं चालणार आहे. बहुतेक वेळा ते मेटफॉर्मिन तसंच ठेवतात आणि ग्लिमेपिराइड अर्धं करतात किंवा त्याऐवजी तेवढ्यापुरतं ग्लिप्टिन देतात, ज्याने लो होत नाही. तुम्हाला काय ते तेच ठरवतील. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. शुगर ७० च्या खाली दिसली किंवा मशीन जवळ नसेल तर नुसती लक्षणं दिसली तरी तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून, पंधरा मिनिटं बसून राहायचं, बरं नाही वाटलं तर परत तेवढंच, आणि मग काहीतरी खाऊनच पुढे चालायचं. दिंडीतल्या दोघातिघांना सांगून ठेवा की मला शुगर आहे, असं झालं तर हे द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. आणि पाय, ते रोज मुक्कामाला गेल्यावर तळव्यासकट बघायचे, अनवाणी चालायचं नाही. पायाला मुंग्या असतील तर फोड आलेला कळतसुद्धा नाही.

आता आईंचं. मला तुमच्यापेक्षा त्यांची जास्त काळजी वाटतेय. ७६ वय, त्यात उपास, त्यात ग्लिमेपिराइड. या वयात किडनी हळू झालेली असते म्हणून गोळी शरीरात जास्त वेळ राहते, साखर दिल्यावर बरं वाटतं आणि काही तासांनी परत लो होतं, म्हणून एकदा लो झालं की चोवीस तास लक्ष ठेवावं लागतं. आणि म्हातारपणी लो व्हायची लक्षणंही वेगळी दिसतात, काहीतरी असंबद्ध बोलणं, नुसतं झोपून राहणं, घरच्यांना वाटतं वयामुळे झालं. बीपीसाठी किंवा हार्टसाठी बीटा ब्लॉकरची गोळी असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम तेवढा येतो. २००८ मध्ये ॲकॉर्ड नावाच्या अभ्यासात शुगर फार कडक ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून तो भाग वेळेआधी थांबवावा लागला होता, तेव्हापासून वयस्कर माणसाला ७ च्या आत आणायचा हट्ट डॉक्टर धरत नाहीत, ७.५ ते ८ चालतं. आईंचा रिपोर्ट साडेसहा असेल आणि घरात सगळे खूश असतील तर खूश होऊ नका, गोळी कमी करायला सांगा. ग्लायबेनक्लामाइड नावाची जुनी गोळी असेल तर ती या वयात नकोच, बदलून घ्या.

एकादशीला साबुदाणा खिचडी म्हणजे दिवसा साखर वर आणि रात्री उपाशी राहिल्या तर पहाटे खाली, दोन्ही वाईट. वरई, राजगिरा, दही, शेंगदाणे असं थोडं थोडं तीनचार वेळा घ्या म्हणावं. अजून एक, ज्या बायका ग्लिफ्लोझिन गटाची गोळी घेतात त्यांनी हरतालिकेसारखा निर्जळी उपास त्या गोळीवर करू नये, पाणी कमी पडतं आणि शुगर नॉर्मल दिसत असताना रक्तात ॲसिड वाढू शकतं. उलट्या, पोटात दुखणं, धाप असं झालं तर शुगर १५० आहे म्हणून घरी बसायचं नाही.

प्रश्न (म्हापसा, वय ५२): बाबांना एक डॉक्टर टेनेलिग्लिप्टिन देतात, दुसऱ्यांनी सिटाग्लिप्टिन लिहिलं, आम्ही दोन्ही देतोय. यात स्वस्त आणि चांगलं कोणतं?

आधी दोन्ही एकत्र देणं थांबवा, आजच फोन करून कोणतं ठेवायचं ते विचारा. दोन्ही एकाच गटातली, दोन घेऊन फायदा दुप्पट होत नाही, खर्च मात्र होतो. नावाच्या शेवटी ग्लिप्टिन आलं की एक गट आणि ग्लिफ्लोझिन आलं की दुसरा, एवढं जरी लक्षात ठेवलं तरी घरातली अर्धी गडबड टळते. तुमच्या गोव्यात तर हे घरोघरी माहीत असायला हवं, आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या देशभरच्या पाहणीत डायबेटिसचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के.

शुगर उतरवण्यात ग्लिप्टिनमध्ये आपसात फार फरक नाही. लिनाग्लिप्टिनचा डोस किडनी कमजोर असली तरी बदलावा लागत नाही, सिटाग्लिप्टिनचा कमी करावा लागतो, विल्डाग्लिप्टिनमध्ये लिव्हरची टेस्ट बघतात, आणि सॅक्साग्लिप्टिनमध्ये २०१३ च्या अभ्यासात हार्ट फेल्युअरचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं म्हणून हार्टवाल्यांना ते नको. किमतीचं म्हणाल तर पेटंट संपली तशी ही सगळी स्वस्त झालीत, विल्डाग्लिप्टिनचं २०१९ ला संपलं, सिटाग्लिप्टिनचं २०२२ ला, लिनाग्लिप्टिनचं २०२३ ला. सिटाग्लिप्टिन ५० च्या दहा गोळ्या जनऔषधी दुकानात २०२२ मध्ये ६० रुपयांना आल्या. तसंच डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनची साठ रुपयांच्या आसपासची गोळी आता कितीतरी कमी पैशांत मिळते. दोनतीन वर्षांपूर्वी महाग म्हणून सोडलेलं औषध आता परवडत असेल, परत विचारा. आणि महिन्याला किती खर्च झेपेल हे डॉक्टरांना सरळ सांगायला लाजू नका हो, न परवडणारं औषध पेशंट एक दिवसाआड घेतो आणि सांगत नाही, मग रिपोर्ट बिघडले की डॉक्टर अजून एक गोळी वाढवतात.

प्रश्न (सोलापूर, वय ५५): मेटफॉर्मिनने किडनी खराब होते असं सगळे म्हणतात. खरं आहे का? आणि संडासमधून पांढरी अख्खी गोळी पडलेली दिसते, म्हणजे औषध लागतच नाही का?

मेटफॉर्मिनने किडनी खराब होत नाही. हे वाक्य मी मोठ्या अक्षरात छापायला सांगणार होते. किडनी खराब होते ती वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरने आणि बीपीने. भीती आली कुठून तर याच्याच नात्यातलं फेनफॉर्मिन नावाचं औषध होतं, त्याने रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढून माणसं दगावली आणि अमेरिकेत १९७० च्या दशकात ते बंद झालं, नाव सारखं म्हणून डाग यालाही लागला. खरं ते उलट्या दिशेने आहे, मेटफॉर्मिन किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी आधीच कमजोर असेल तर ते साठतं. रिपोर्टमध्ये ईजीएफआर म्हणून आकडा असतो, किडनी रक्त किती गाळते ते तो सांगतो, ४५ च्या वर असेल तर निश्चिंत, ३० ते ४५ मध्ये डोस साधारण निम्मा, ३० च्या खाली बंद. वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि ईजीएफआर बघायचं. जोराचे जुलाब-उलट्या चालू असताना किंवा रंग टाकून सीटी स्कॅन करायचा असेल तेव्हा ही गोळी चालू आहे हे सांगायचं.

किडनीपेक्षा मला दुसरी एक काळजी आहे जिच्याबद्दल कोणी विचारत नाही, ती म्हणजे बी ट्वेल्व्ह. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की शरीरात बी ट्वेल्व्ह कमी शोषलं जातं, आणि आपल्याकडे शाकाहारी माणसाचं ते आधीच कमी असतं. पायाला मुंग्या, जळजळ, विसराळूपणा, थकवा, हे सगळं डायबेटिसच्या नावावर खपतं आणि कारण कधीकधी हे निघतं. टेस्ट करून घ्या. कमी असेल तर गोळ्या-इंजेक्शनने भरून निघतं आणि मेटफॉर्मिन सोडावं लागत नाही.

संडासमध्ये दिसतं ते गोळीचं रिकामं कवच. एसआर गोळीतून औषध हळूहळू झिरपतं आणि सांगाडा तसाच बाहेर पडतो, औषध पूर्ण लागलेलं असतं. फक्त ती गोळी तोडून किंवा चावून खायची नाही.

प्रश्न (पुणे, वय ३८): माझं वजन ६१ किलो, उंची पाच फूट सात, तरी शुगर निघाली. ऑफिसमधले दोघं आठवड्याचं इंजेक्शन घेऊन बारीक झाले आणि त्यांची शुगरपण उतरली. मी घेऊ का?

दादा, तुमच्यासाठी माझं उत्तर बहुतेक नाही असंच असेल. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही इंजेक्शनं खरंच जबरदस्त आहेत, त्यात शंका नाही. दोघांची २०२१ मध्ये समोरासमोर तुलना झाली, चाळीस आठवड्यांत टिर्झेपॅटाइडच्या सगळ्यात मोठ्या डोसने एचबीएवनसी २.३ ने उतरलं आणि वजन ११ किलोच्या वर, सेमाग्लुटाइड १ मिग्रॅ ने १.८६ आणि ५.७ किलो. ज्यांचं वजन ९०-९५ आहे, फॅटी लिव्हर आहे, झोपेत घोरतात, त्यांना याने आयुष्य बदलतं. टिर्झेपॅटाइड भारतात मार्च २०२५ ला आलं तेव्हा ५ मिग्रॅ ची एक वायल ४,३७५ रुपयांना होती म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार, आणि सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यामुळे किमतींचं चित्र बदलायला वाव आहे. पण स्वस्त झालं म्हणून प्रत्येकाने घ्यायचं औषध नाही हे.

तुमच्यासारखे बारीक पेशंट आपल्याकडे भरपूर आहेत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे जगाला दाखवून दिलं. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा २२.३, पण चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वरून बारीक, आतून चरबी आणि स्नायू कमी, अशी आपली ठेवण. त्यात काहींचं स्वादुपिंड मुळातच इन्सुलिन कमी बनवतं. अशा माणसाने भूक मारणारं इंजेक्शन घेतलं तर आहेत तेवढे स्नायूपण जातील. तुम्ही डॉक्टरांना सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते यात कळतं) आणि गॅड अँटिबॉडी (शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर हल्ला करतंय का ते यात कळतं) या टेस्टबद्दल विचारा, अडतिशीत बारीक माणसाला शुगर निघाली तर ती टाइप टू आहे का हेच आधी पक्कं करायला हवं, कारण काहींना लवकर इन्सुलिन लागतं आणि गोळ्या बदलत बसण्यात वर्ष जातं.

बाकी ज्यांना हे इंजेक्शन सुरू होणार आहे त्यांनी डोस हळूहळूच वाढवावा, मळमळ सुरुवातीला बऱ्याच जणांना होते. आधी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर असेल तर आधीच सांगायचं, डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा. आणि ग्लिप्टिनची गोळी चालू असेल तर ती बंद करतात, दोन्ही एकाच वाटेने काम करतात. ऑनलाइन मागवून, जिमवाल्याकडून घेऊन हे टोचू नका, कळकळीने सांगतेय.

प्रश्न (लातूर, वय ४९): डापाग्लिफ्लोझिन सुरू केल्यापासून खाजेचा त्रास आहे, सांगायला लाज वाटते. गोळी बंद केली तर चालेल का?

ताई, लाज वाटण्यासारखं यात काही नाही, लघवीतून साखर जाते त्यामुळे तिथे बुरशी धरते, बायकांना जास्त होतं, पुरुषांनापण होतं. साध्या क्रीमने किंवा गोळीने बहुतेकांचं बरं होतं. दर वेळी लघवीनंतर साध्या पाण्याने धुवून कोरडं करा, पाणी भरपूर प्या. परत परत होत असेल तर डॉक्टर गट बदलतील. ताप, थंडी, कमरेत दुखणं किंवा त्या भागाला सूज येऊन खूप दुखायला लागलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा. आणि या गोळीवर लघवीच्या टेस्टमध्ये शुगर फोर प्लस दिसणारच, ते बघून घाबरू नका.

प्रश्न (धुळे, वय ६०): पायोग्लिटाझोनने कॅन्सर होतो म्हणून सरकारने बंदी घातली होती ना? मला तर चालू आहे.

जून २०१३ मध्ये विक्री थांबवली होती आणि पुढच्याच महिन्यात इशारा छापायच्या अटीवर परत परवानगी दिली. मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका असलाच तर तो खूप छोटा आहे, पण ज्याला तो होऊन गेलाय किंवा लघवीतून रक्त जातं त्याला ही गोळी देत नाहीत. फॅटी लिव्हरवाल्यांना ती चांगली, स्वस्तही आहे. हार्ट फेल्युअर असेल, पायावर सूज येत असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर नको. तुमच्या पायावर बोट दाबून खड्डा पडतो का बघा, पडत असेल तर लगेच दाखवा.

प्रश्न (अकोला, वय ६६): तीन गोळ्या घेऊनही एचबीएवनसी १०.४. डॉक्टर इन्सुलिन म्हणतात. एकदा लागलं की सुटत नाही आणि शेवटची स्टेज असते असं ऐकलंय. कारल्याच्या रसावर अजून सहा महिने काढू का?

काका, १०.४ वर सहा महिने काढू नका, या सहा महिन्यांत डोळ्याचं आणि किडनीचं नुकसान होईल ते परत येणार नाही. कारलं भाजी म्हणून खुशाल खा, रसाच्या भरवशावर एवढी शुगर सोडू नका. आणि इन्सुलिन म्हणजे शेवट हा समज जुना आहे, पूर्वी ते फार उशिरा सुरू करायचे म्हणून ते चालू असताना माणूस गेलेला लोकांनी बघितला. बऱ्याच जणांना काही महिने इन्सुलिन देऊन शुगर खाली आणली की स्वादुपिंडाला विश्रांती मिळते आणि परत गोळ्यांवर येता येतं. काहींना कायम लागतं, तेही चालतं. रात्री एकदा घ्यायचं ग्लार्जिनसारखं असलं तर दिवसात एक टोचणी, सुई केसासारखी बारीक असते. तरी गोळ्या वाढवून किंवा आठवड्याचं इंजेक्शन देऊन जमेल का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, वजन कमी व्हायला लागलं असेल, खूप तहान-लघवी असेल तर मात्र इन्सुलिनच लागेल.

सुरू केलंत तर सिरिंज नीट बघून घ्या. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटचं (म्हणजे एका मिलीत ४० युनिट) असतं आणि त्याला लाल टोपणाची सिरिंज लागते, पेन आणि कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं असतं, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. १०० वालं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ओढलं तर अडीचपट डोस जातो. पेनमधलं संपलं म्हणून बाटली आणलीत किंवा दुकानदाराने दुसरी सिरिंज दिली तर टोचायच्या आधी बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का ते घरातल्या कोणाकडून तरी वाचून घ्या.